नानांनी लावलेली जोड

दत्तूनाना घरत यांना घरी बसून कुस्ती बघणाऱ्यांचा मनस्वी राग होता, आणि तो काढायला त्यांना हाताशी मी सापडायचो. आमच्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्या मोबाइलवर थेट दाखवायची टूम मितेशने काढली, तेव्हा तिला पहिली मान मी डोलावली होती. मितेश आमच्याच आळीतला, लग्नांचे व्हिडिओ काढणारा. त्याने आखाड्याच्या कोपऱ्यात कॅमेरा उभा केला, माझ्या माईकची वायर त्याला जोडली, आणि दुबईला गेलेल्या पोरांपासून पनवेलच्या फ्लॅटमधल्या जावयांपर्यंत सगळे आमची जत्रा पलंगावर लोळून बघू लागले.

नानांना ते पटलं नाही. दुसऱ्याला ढेकर आला म्हणून आपलं पोट भरतं का, असं त्यांनी मला देवळासमोर चारचौघांत विचारलं. मी म्हटलं, ज्याला जत्रेला येताच येत नाही त्याने काय करायचं? तर म्हणाले, त्याने हळहळायचं. आपण गेलो नाही याची हळहळ वाटली तर पुढच्या वर्षी माणूस येतो. घरबसल्या दिसलं तर कशाला येईल? चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण कधी कधी असं काही बोलून जायचा की माझ्यासारखा वाचाळही विषय बदलायचा.

मला मास्तर म्हणतात, पण मी शाळेतला नव्हे. रेवसच्या धक्क्यावर मुंबईला जाणाऱ्या लाँचची तिकिटं फाडण्यात माझी एकतीस वर्षं गेली, ते मास्तरपण. नाव मोरेश्वर, पण गावाला मी मोरू मास्तर. आवाज मोठा आणि जीभ तिखट, म्हणून जत्रेत माईक माझ्याकडे. पडणाऱ्याची आणि पाडणाऱ्याची सारखीच टिंगल करायची, लोकांना हसवत ठेवायचं, हे माझं काम. ते मला फार चांगलं जमतं असा माझा समज होता.

आणि जोड लावणं हे नानांचं काम. आमच्याकडच्या जत्रेत वजनकाटा नसतो. पोरं उघड्या अंगाने, एक हात वर करून आखाड्यात फिरतात. म्हणजे मला कोणीतरी जोड द्या. मग जोड लावणारा पुढे होतो, कुणाचा दंड चाचपतो, कुणाच्या मानेवर थाप मारतो, दोघांना निवडतो आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतो. जोड पटली तर दोघं हात दाबतात आणि कुस्ती लागते. पटली नाही तर पोराने तिथल्या तिथे हात सोडून मागे सरायचं. त्यात कमीपणा नाही, असा जुना नियम आहे. पण नानांनी दिलेला हात सोडलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. सोडणं म्हणजे नानांना नजर नाही असं म्हणण्यासारखं झालं असतं, आणि ते म्हणायची छाती कुणाची नव्हती.

नाना अंगाने किडकिडीत, धोतर गुडघ्यापर्यंत, पायाच्या टाचा मिठागरातल्या खाऱ्या पाण्याने कायमच्या भेगाळलेल्या. पंधराव्या वर्षापासून मिठागरात राबले. मिठागरं बंद पडली, जमिनीवर गोदामं आली, पोरं ट्रक चालवायला लागली, तरी नाना जोडच लावत राहिले. ते दंड बघायचे, मान बघायचे, पण शेवटचा निकाल द्यायचे तळव्यावर. पोराचा तळहात आपल्या हातात घेऊन अंगठ्याने दाबायचे, डोळे मिटून. अंगातली ताकद कामातून येते आणि कामाची खूण तळव्यावर राहते, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या जोडी रंगायच्याही तशाच. दोघंही घामाघूम, कुणी कुणाला चीत करत नाही, शेवटी बरोबरीत सोडवून दोघांना नारळ द्यावा लागतो, अशी कुस्ती झाली की नानांना जेवणाची शुद्ध राहायची नाही. त्यांची बायको कमळकाकी म्हणायची, ह्यांनी सगळ्या तालुक्याच्या जोडी बरोबर लावल्या, घरची तेवढी चुकली. नाना त्यावर मिशीत हसायचे.

टीव्हीवरच्या, मोबाइलवरच्या कुस्तीवर त्यांचा खरा आक्षेप निराळाच होता. तो त्यांनी मला एकदा रेवसहून येताना टमटममध्ये सांगितला. कॅमेरा जिंकणाऱ्याच्या मागे पळतो, म्हणाले. घरी बसलेल्याला हरलेला पोरगा दिसतच नाही. मैदानात तो येऊन आपल्या पायाशी बसतो, धापा टाकतो, त्याला पाणी द्यावं लागतं, पाठीवरची माती झाडावी लागते. जो हे करत नाही त्याने कुस्ती बघितली असं म्हणू नये.

मी हसण्यावारी नेलं.

दोन हजार तेवीसच्या चैत्रातली जत्रा. ऊन कलायला लागलं होतं, आखाड्याभोवती माणसांची भिंत उभी होती. बायका आमच्याकडे आखाड्याच्या कडेला येत नाहीत. त्या देवळाकडे, खेळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांशी. पनवेलकडून गाडी घेऊन चार-पाच पोरं आली होती, त्यांतला एक अंगातला टी-शर्ट काढून हात वर करून फिरू लागला. निकेत त्याचं नाव. गोरागोमटा, नीट कातरलेली दाढी, केस कानांवर आलेले. नानांनी त्याचा तळवा हातात घेतला, दाबला, आणि माझ्याकडे बघून हसले. लोण्याचा गोळा आहे, असं पुटपुटले. त्यांनी केस बाजूला करून कान बघितले असते तर पिळवटलेले कान बघून त्यांना कळलं असतं की हा वर्षानुवर्षं झुंजलेला गडी आहे. पण तळव्याने निकाल दिला होता.

त्यांनी भावेशला बोलावलं. भावेश आमच्या आळीतल्या तुळशीचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा. बाप लहानपणीच गेलेला. पोरगा धक्क्यावर बर्फाच्या लाद्या आणि मासळीच्या पाट्या वाहायचा. तळवे असे की काडेपेटीची काडी ओढली तर पेटावी. निकेत वजनाने सात-आठ किलोंनी जास्त असेल, तो फरक नानांनी तळव्याने भरून काढला. निकेत सहा वर्षं नवी मुंबईतल्या एका हॉलमध्ये गादीवर शिकलेला होता, पिंजऱ्यातल्या मारामारीच्या स्पर्धांना जायचा, हातात मोजे घालून सराव करायचा, हे आम्हाला नंतर कळलं. काम न करताही ताकद कमावता येते, तळव्याला एक घट्टा न पडता कमावता येते, त्यासाठी पैसे भरून जागा मिळते, हे नानांच्या गावीच नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या जागी आमच्यातला कुणीही म्हातारा असता तरी हेच झालं असतं.

नानांनी हातात हात दिले आणि ते पुढच्या पोरांकडे वळले. कुस्ती अर्धा मिनिटसुद्धा चालली नाही. निकेतने त्याला कमरेत धरून उचललं आणि भावेश मानेवर आला. लोकांनी गलका केला. मीसुद्धा माईकवरून मोठ्याने चीत म्हणून ओरडलो. मग निकेत उठला आणि भावेश उठला नाही.

तुळशी त्या वेळी घरी पाहुण्यांसाठी भाकऱ्या भाजत होती. तिला गलका ऐकू गेला. आपल्या गावाचा कुणीतरी जिंकला असं तिला वाटलं, आणि ती पाहुण्यांना तसं म्हणालीही.

भावेशला आधी अलिबागला आणि तिथून मुंबईला नेलं. मानेखाली काही राहिलं नव्हतं. हात नाही, पाय नाही. तोंड, डोळे आणि बोलणं तेवढं शिल्लक. अडीच महिन्यांनी त्याला घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खाटेवर ठेवलं. निकेत दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा उंबऱ्याशी बसून हुंदके देऊन रडला, तेव्हा तुळशीनेच त्याला चहा करून दिला. त्याचा दोष नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. दोष कुणाचा ते कुणी बोलत नव्हतं, आणि नाना न बोललेलं ऐकत होते.

आता माझं सांगतो. जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी एकटाच होतो. मितेशच्या चॅनलवर ती कुस्ती लाखो लोकांनी बघितली आहे असं कळलं, म्हणून मीही लावली. मैदानात मी माईक घेऊन उभा होतो, दहा पावलांवर. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं. आणि तरी मला काही दिसलं नव्हतं. मोबाइलवर दिसलं. नानांनी हात दिले. निकेतने हात दाबला. भावेशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ज्याने रोज ओझी उचलली त्याला समोरच्याच्या पकडीतून अंदाज येतो. त्याला कळलं की ही जोड नाही. त्याने मान वळवून नानांकडे बघितलं. नानांची पाठ होती, ते पुढच्या पोराचा तळवा दाबत होते. भावेश बघत राहिला. एवढ्यात माईकवरून माझा आवाज आला: "भावेश, मागं काय बघतोस? नानांनी लावलेली जोड आहे. का आईला विचारून येतोस?"

लोक हसले. भावेशही हसला, आणि त्याने पाय रोवला.

मी ते किती वेळा लावून बघितलं ते विचारू नका. जेवढ्या वेळा बघितलं तेवढ्या वेळा मी तेच बोललो. त्यानंतर माईक मी हातात घेतलेला नाही. गावाला वाटलं, मास्तरने वाईट वाटून घेतलं. वाईट वाटून घेणं वेगळं आणि हे वेगळं.

नानांनी मैदान सोडलं. काकीसमोर गावदेवीची शपथ घेतली की आखाड्यात पाय ठेवणार नाही. रोज सकाळी ते तुळशीच्या पायरीवर जाऊन बसायचे आणि ऊन आलं की उठून घरी यायचे. तुळशी त्यांच्याशी बोलायची नाही. बाजूने पाणी भरायला जायची, बाजूने यायची. असं महिनाभर चाललं. एके दिवशी ती थांबली आणि म्हणाली, नाना, आत बसा. पायरीवर बसून मला लोकांत लाजवू नका. नाना आत गेले, भावेशच्या खाटेशी बसले, आणि रडायच्याऐवजी त्याला विचारू लागले की बाळा, पाणी देऊ का.

त्या दिवसापासून पाणी नानाच देऊ लागले.

दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम लागला. भावेशला कुस्त्या बघायच्या होत्या. नानांना वाटलं, पोराला त्रास होईल. पण पोरगा हट्टाला पेटला. छताकडे बघून बघून मी तिथले वासे मोजून काढले, म्हणाला, आता माणसं दाखवा. मितेश आता आसपासच्या सगळ्या जत्रा थेट दाखवत होता. दर रविवारी चार वाजता नाना तुळशीच्या घरी जायचे, तिचा फोन भावेशच्या डोळ्यांसमोर धरायचे आणि दोघं कुस्त्या बघायचे. मी फोन अडकवायचा एक स्टँड आणून दिला होता. नानांनी तो कोनाड्यात ठेवून दिला. दोन-दोन तास हात वर धरून बसायचे. हात भरून आला की दुसऱ्या हाताने मनगट धरायचे. मी म्हटलं, नाना, कशाला? तर म्हणाले, मैदानात उभं राहिल्यावर पाय दुखायचे नाहीत का?

घरी बसून कुस्ती बघणाऱ्यांवर तोफा डागणारा माणूस असा घरी बसून कुस्ती बघायला लागला, आणि त्याला चिडवायला माझी जीभ वळेना. भावेश मात्र चिडवायचा. नेट अडकून गोल गोल फिरायला लागलं की म्हणायचा, नाना, पैलवान दमले, थोडं थांबा. एखादी जोड फसली की म्हणायचा, बघा, तुम्ही नाही तर काय अवकळा आली. नाना हसायचे. कुस्त्या संपून फोन खाली ठेवला की दर रविवारी तोच प्रश्न विचारायचे.

"भावेश, तुना ती जोड पटली व्हती का रं?"

"पटली व्हती, नाना. मी हात दाबला न्हाय का?"

एवढं ऐकलं की नाना घरी जायचे. पुढचे सहा दिवस त्यावर काढायचे. काकीने मला सांगितलं की रविवारी हे पोटभर जेवतात. शुक्रवार-शनिवार आला की पुन्हा अन्नावरून उठतात. पोराला जोड पटली होती, त्याने आपल्या मर्जीने हात दिला, मग खाली आला ते नशीब; हे एक वाक्य धरून तो म्हातारा उभा होता.

भावेशने मला एकदा एकटं गाठलं. गाठलं म्हणजे काय, आईला म्हणाला मास्तरांना बोलावून आण आणि तू जरा बाहेर बस. मला वाटलं, आता हा मला विचारणार. मी तयारी करूनच गेलो होतो. तो म्हणाला, ती आपली कुस्ती मितेशला चॅनलवरून काढायला सांगा. नानांनी ती बघता कामा नये. आता त्यांना फोन चालवता यायला लागला आहे, मागे नेऊन बघता येतं हेही कळलं आहे. मी म्हटलं, सांगतो. मग न राहवून विचारलं, आणि मी जे बोललो ते? तो हसला.

"तुमचा काय, मास्तर. तुमी सगल्यांनाच बोलता."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मितेशकडे गेलो, त्याच्याशी भांडलो, आणि त्याने व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो गावोगावच्या ग्रुपवर फिरून आलेला होता.

पुढच्या चैत्रात आमच्याच गावची जत्रा आली. भावेशच्या खिडकीतून ढोल ऐकू येत होते आणि तेच ढोल थोडे मागून फोनमध्ये वाजत होते. त्याला मैदानात खुर्चीवर न्यायचं असं चार पोरांनी ठरवलं होतं, पण पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, डॉक्टर नको म्हणाले. तर हाकेच्या अंतरावर चाललेली जत्रा त्याने फोनवर बघितली. गलका आधी खिडकीतून यायचा आणि मग फोनवर माणूस पडायचा. म्हणजे कोण पडणार ते आधी कळायचं नाही, पण कुणीतरी पडणार हे कळायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर भावेश म्हणाला, खिडकी लावा. नानांनी उठून खिडकी लावली.

त्या रविवारीही नानांनी विचारलं आणि त्या रविवारीही भावेश पटली होती म्हणाला. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, किती दिवस हे पोरगं ह्या म्हाताऱ्याला असं उचलून धरणार आहे? बर्फाची लादी तरी धक्क्यावर टेकवता यायची.

जखमा चिघळल्या. आषाढात ताप चढला तो उतरला नाही. भावेश गेला तेव्हा नाना त्याच्या ओठांना कापसाने पाणी लावत होते.

दिवसपाणी झाले. गणपती येऊन गेले. भावेशला जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून तुळशीच्या घरी आणले नव्हते. नानांचं रविवारी चार वाजता तिच्याकडे जाणं मात्र चालूच होतं. खाट उचललेली होती, तरी ते त्याच जागी बसायचे. तुळशी चहा द्यायची, आणि सहाला नाना उठायचे. भाद्रपदातल्या अशा एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. काकीनेच पाठवलं होतं. एकटे जातात, बरं दिसत नाही, म्हणाली.

चहा झाल्यावर तुळशीने आपला फोन आणला आणि माझ्यापुढे धरला. तिला फोनवर बोलता यायचं, बाकीचं भावेश सांगायचा. कुठल्याशा नातेवाइकाने ती कुस्ती तिला कधीच पाठवून ठेवली होती. भावेश होता तोवर तो आई, उघडू नको म्हणायचा, म्हणून तिने उघडली नव्हती. आता लावून द्या, म्हणाली.

मी बॅटरी कमी आहे म्हटलं. तिने चार्जर आणला. मी म्हटलं, तुळशी, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? ती चिडली नाही. सावकाश म्हणाली:

"मास्तर, मी माझा पोर कुस्तीत कदी बघला न्हाय. बायका आखाड्यावं जात न्हाय, म्हनून मी घरान रांधत बसली. सगल्या जगाना बघला त्याला. मना बघू द्या."

नाना उठायला लागले. तिने त्यांना हाताने खाली बसवलं. तुम्ही त्याला दाखवत होता, आता मला दाखवा, म्हणाली. नाना बसले. मी व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो सवयीने तिच्या डोळ्यांसमोर धरला. तुळशी त्यांना टेकून बसली तेव्हा दोघांनाही दिसायला लागलं. त्या घडीला मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता, किंवा निदान बोलायला हवं होतं. एकतीस वर्षं धक्क्यावर ओरडणारा माणूस मी, आणि चार्जरची वायर नीट करत बसलो.

भावेश आखाड्यात आला. वाकून माती कपाळाला लावली. तुळशीने तोंडावर पदर धरला. किती उंच दिसतोय, म्हणाली. वर्षभर तिने त्याला आडवाच बघितला होता. मग फोनमधून माझा आवाज यायला लागला, नावं पुकारणारा, टवाळक्या करणारा. नानांनी हातात हात दिले. निकेतने हात दाबला. भावेशचं हसू गेलं आणि त्याने मान वळवून मागे बघितलं. चित्राच्या कडेला धोतर नेसलेली एक पाठ दिसत होती.

"का आईला विचारून येतोस?" फोन म्हणाला, आणि आखाडा हसला.

थांबवा, तुळशी म्हणाली. नानांनी अंगठा ठेवला. चित्र थांबलं. भावेश अर्धा वळलेला, दोन्ही पायांवर उभा, हात निकेतच्या हातात.

तुळशी म्हणाली, "मना इचाराला आला असता तर मी न्हाय बोलली असती."

मी म्हटलं, तुळशी, तो मी बोललो. ती म्हणाली, आवाज ओळखते मी, मास्तर. त्यापलीकडे ती मला काही म्हणाली नाही, आजतागायत नाही.

नानांनी फोन आपल्या डोळ्यांजवळ नेला. मोतीबिंदूने त्यांना लांबचं बरं दिसायचं नाही, पण हे त्यांना पुरेपूर दिसलं होतं. म्हणाले, पोरगा पटली होती म्हणायचा. दर रविवारी म्हणाला. माझ्याकडे त्यांनी बघितलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना कळलं की मला ते आधीच ठाऊक होतं. त्यावरही ते रागावले नाहीत. रागावण्यासारखा जोर त्यांच्यात राहिलाच नव्हता.

मग त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. भावेशच्या चेहऱ्याकडे बघत, त्याने मागे वळून जे विचारलं होतं त्याला उत्तर द्यावं तसं, ते म्हणाले:

"सोड, पोरा. हात सोड. ही जोड न्हाय."

तेच त्यांनी आणखी दोनदा सांगितलं, दर वेळी थोडं अधिक मोठ्याने, गर्दीत लांब उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून सांगतात तसं.